पडायचा कोट

टेलरमास्तरांचं खरं आडनाव फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. बाकी सगळीकडे ते कोसळे मास्तर. दुकानाच्या पाटीवर 'सूट, कोट व शाळेचे गणवेश' असं ठळक लिहिलेलं होतं, तरी नवं गिऱ्हाईक आलं की शेजारचा चष्मेवाला आधी सांगायचा, "हेच ते. नाटकात पडतात ते." आणि मास्तर कात्री खाली ठेवून, मान किंचित झुकवून ते मान्य करायचे. कोटाची कुणी तारीफ केली तर ते लाजायचे. पडण्याची केली तर मुळीच लाजायचे नाहीत.

याची सुरुवात तीस वर्षांपूर्वीची. वाचनालयाच्या नाट्यमंडळाचं नाटक होतं आणि नायक होता बँकेतला कॅशियर. दिसायला राजबिंडा, आवाज भारदस्त, पण तिसऱ्या अंकात गोळी लागून पडायची वेळ आली तेव्हा विंगेत येऊन म्हणाला, "मला मणका आहे." मणका सगळ्यांनाच असतो, पण त्याचा जरा जास्त बोलका होता. मास्तर तिथेच मांडी घालून त्याच्या दुसऱ्या पँटची तुरपाई करत बसले होते. कुणीतरी त्यांना उचलून उभं केलं, नायकाचा कोट चढवला आणि पाठमोरं रंगमंचावर ढकललं. मास्तर दोन पावलं चालले आणि पडले. असे पडले, की पहिल्या रांगेतले डॉक्टर उठून आपली बॅग शोधायला लागले. मग टाळ्या. मास्तरांनी जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी वाजलेल्या टाळ्या ऐकल्या, त्याही पालथं पडून.

तेव्हापासून मंडळाची पद्धतच पडून गेली. नायक बोलायचा आणि मास्तर पडायचे. प्रत्येक नाटकासाठी मास्तर हुबेहूब दोन कोट शिवायचे, एक बोलायचा आणि एक पडायचा. पडायच्या कोटाला आतून कमरेशी आणि कोपराशी छोट्या गाद्या असायच्या. ऐन वेळी नायक काहीतरी निमित्त काढून कपाटाआड जायचा आणि कपाटाच्या दुसऱ्या बाजूनं मास्तर पाठमोरे बाहेर यायचे. दोघांच्या उंचीत चांगला चार बोटांचा फरक होता, पण प्रेक्षक सज्जन होते. तीस वर्षांत मास्तर राजा म्हणून पडले, दरोडेखोर म्हणून पडले, आणि एकदा कॅशियरची खाष्ट सासू आजारी पडली (म्हणजे नाटकातली, घरची ठणठणीत होती) तेव्हा तिच्या वतीनंही पडले. प्रयोगाआधी शिवणकामाच्या खडूनं फळ्यांवर एक बारीक फुली काढायची आणि नेमकं तिच्यावर पडायचं, ही त्यांची कारागिरी. "कुठं पडायचं ते आधी ठरलेलं असलं की अर्धं काम झालं," असं ते सांगायचे. कुणी विचारलं नाही तरी सांगायचे.

ऐकायला घरात एकच माणूस होतं. मास्तरीणबाई दुकानात त्यांच्या शेजारी बसून काजबटणं करायच्या. त्या डावखुऱ्या होत्या, त्यामुळे त्यांचा टाका उलट्या बाजूला कलायचा. लग्नानंतर तीन वर्षं मास्तरांनी तो सुधारायचा प्रयत्न केला, मग हात टेकले. मास्तरीणबाईंनीही मास्तरांना सुधारायचा प्रयत्न केला होता. त्यांनी तीन महिन्यांतच हात टेकले होते, कारण त्या मुळात हुशार.

यंदा मात्र मंडळाला दिग्दर्शक मिळाल्या त्या शाळेतल्या गणिताच्या बाई. वय तिशीचं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि दोन आणि दोन चार झाल्याशिवाय पुढे न सरकायची सवय. नाटक पोस्टातल्या एका गृहस्थांनी लिहिलं होतं. त्यातल्या हेडमास्तरांना शेवटी एक पत्र येतं, आपली शाळा कायमची बंद झाल्याचं. ते पत्र वाचतात, चष्मा ठेवायला कपाटाआड जातात, परत येऊन खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरून उभे राहतात, आणि मग कंसात लिहिलं होतं, 'कोसळतो'.

पाचव्या तालमीला मास्तर नेहमीप्रमाणे खिडकीशी गेले, गज धरले, सोडले आणि फुलीवर पडले. धाड! खिडकीची चौकट हादरली. कॅशियरनं सवयीनं टाळी वाजवली.

"मास्तरकाका," बाई म्हणाल्या, "इथं काय लिहिलंय?"

"कोसळतो." मास्तर कोट झटकत उठले.

"आणि तुम्ही काय केलंत?"

"कोसळलो की!"

"नाही. तुम्ही आपटलात."

विंगेत कुणीतरी फिसकन हसलं. मास्तरांचे कान लाल झाले. "बाई, तुझे पहिलीचे गणवेश मी शिवलेत," ते म्हणाले, आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन, "तुमचे," अशी दुरुस्ती केली. "आपटलो काय नि कोसळलो काय, जमीन तीच ना?"

"जमीन तीच. वरून खाली यायची तऱ्हा निराळी. बशी पडते, पाय घसरतो, दार आपटतं. बशी कोसळली असं कधी म्हणाल तुम्ही?"

"बशी कशी कोसळेल?"

"का नाही कोसळणार?"

का नाही ते मास्तरांना पक्कं ठाऊक होतं, फक्त सांगता येत नव्हतं. आपल्याच भाषेचं हे असं असतं. साठ वर्षं बिनचूक बोलतो आणि कुणी हिशेब मागितला की तोंडाला कुलूप.

"लहान असते म्हणून," कॅशियर मदतीला आला.

"मग घोडा पाय घसरून पडला, तर कोसळला म्हणायचं?"

"नाही... पडला."

"एवढा मोठा असून?"

कॅशियरनं मणक्यावर हात ठेवला आणि खाली बसला. अडचणीत तो नेहमी मणक्याचा आधार घ्यायचा. शेवटी सगळ्यांनी नाटककाराकडे पाहिलं. पोस्टातले गृहस्थ गडबडले. "खरं सांगू का? मी आधी 'पडतो'च लिहिलं होतं. पण लगेच खाली 'पडदा पडतो' होतं. दोनदा पडतो, पडतो बरं दिसेना."

"काही का असेना," बाई म्हणाल्या, "आता कोसळतो लिहिलंय, तर माणूस कोसळलाच पाहिजे. मास्तरकाका, राग मानू नका. पण नाही जमलं, तर मी त्या क्षणी अंधार करीन आणि विंगेतून नुसता आवाज देईन. वाळूचं पोतं आणून ठेवलंय मी."

आणि खरंच, विंगेच्या कोपऱ्यात तोंड बांधलेलं पोतं उभं होतं. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. पोतंही त्यांच्याकडे बघतंय असं त्यांना उगीचच वाटलं. तीस वर्षांची कीर्ती आणि समोर प्रतिस्पर्धी कोण, तर हे!

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांचं शिवणकामातलं लक्ष उडालं. जे जे खाली येईल ते ते त्यांना बघायचं होतं. मशीनवरून रीळ गेलं, तर ते उचलायच्या आधी म्हणायचे, "हे घरंगळलं." मांडणीवरचा तागा तिरका होत होत खाली आला, तर "हा ढासळला." एका गिऱ्हाइकानं दुकानाचं शटर सोडलं तेव्हा ते आनंदानं ओरडले, "आपटलं! बघ, असं!"

"मी काय बघू?" मास्तरीणबाई काज सोडून म्हणाल्या. "त्या माणसाची पँट आज द्यायचीय. तो शटराबद्दल विचारायला नव्हता आला."

"अगं, माझ्या पडण्याचा प्रश्न आहे हा!"

"तीस वर्षं तोच प्रश्न आहे. पाहुण्यांसमोर पडून दाखवता, लग्नघरात पडून दाखवता. माझ्या माहेरची माणसं मला काय विचारतात ठाऊक आहे? जावई हल्ली कसे पडतात?"

"आदरानं विचारतात."

"हो, हो. आदरानंच."

दुपारी कॅशियर बँकेतून येताना डोकावला आणि भर घालून गेला. "वहिनी, वर्तमानपत्रात रोज भाव कोसळतात."

"आपटतात पण लिहितात की," मास्तर खिन्नपणे म्हणाले. "मी बघितलं. भावांना दोन्ही जमतं."

उत्तर मिळालं ते दुकानासमोर. तिथलं जुनं गोदाम पाडायचं काम चाललं होतं. शेवटची भिंत उरली होती आणि चार माणसं दोन दिवस तिच्यावर घण घालत होती. मास्तर गळ्यात टेप अडकवून फुटपाथवर उभे राहायचे. भिंत हलत नव्हती. घाव बसला की थोडी माती सांडायची, बस्स. तिसऱ्या दिवशी दुपारी माणसं घण टेकवून पाणी प्यायला बसली. भिंतीला कुणी हातही लावलेला नव्हता. आणि अचानक ती खाली आली. पुढे झुकली नाही, मागे कलली नाही. होती त्या जागी, आपल्या पायांतूनच खाली बसली. धूळ उडाली आणि समोर पलीकडच्या रस्त्यावरचं झाड दिसायला लागलं.

मास्तर धुळीनं माखलेले तसेच शाळेत गेले आणि मधल्या सुट्टीत बाईंना गाठलं.

"बाई, सापडलं! बशीला उभं राहायचंच नसतं."

बाईंनी डबा बाजूला ठेवला. "म्हणजे?"

"बशी कुठं उभी राहायला धडपडते? ठेवली तिथं असते, ढकलली की पडते. भिंत उभी असते. घाव खाते, वर छताचा भार घेते आणि तरी उभी राहते. आणि एका क्षणाला तिचं तिलाच होत नाही. बाहेरून कुणी पाडत नाही, आतून सुटतं. घोडा नुसता घसरला तर पडला. पण ओझं ओढून ओढून, थकून गेला तर कोसळला. आणि तसा पाऊसही कोसळतो ना, ढगाला पेलवत नाही म्हणून!"

"अगदी बरोबर!" बाईंचे डोळे चमकले. "मास्तरकाका, दहापैकी दहा. आता करून दाखवा."

संध्याकाळच्या तालमीत मास्तरांनी करून दाखवलं. धाड! चौकट हादरली.

डोक्याला सगळं समजलं होतं. कंबर आपली जुनीच नोकरी करत होती.

शुक्रवारी रंगीत तालीम झाली. या खेपेला मास्तरीणबाई विंगेत सुईदोरा घेऊन न बसता मुद्दाम समोर, मधल्या रांगेत जाऊन बसल्या. इतक्या वर्षांत नवऱ्याला समोरून (म्हणजे पाठीमागून) पडताना त्यांनी क्वचितच पाहिलं होतं. मास्तरांनी गज धरले, मनात भिंत आणली, डोळे मिटले. धाड!

बाईंनी चष्मा काढून पुसला. "उद्या पहिला प्रयोग. दिव्यांच्या बटणाची दुरुस्ती परवा सकाळी होणार, त्यामुळे उद्या अंधार करता यायचा नाही. उद्या तुम्हीच पडा. दुसऱ्या प्रयोगापासून पोतं."

त्या चांगल्या होत्या, आवाज हळू ठेवला होता त्यांनी. पण 'तुम्हीच पडा' म्हणाल्या. 'कोसळा' नाही. मास्तरांना ते फार लागलं.

घरी येताना दोघं चालत होती. पडायचा कोट मास्तरांच्या हातावर घडी घातलेला होता, बाळाला घेतात तसा.

"काय चुकतं गं माझं?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत या विषयावर बायकोला पहिल्यांदाच विचारलं असेल.

"तुम्ही कोटाला जपता," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"काय?"

"खाली जायच्या आधी डावा खांदा वळवता, बाहीची शिवण ताणू नये म्हणून. मग खाली फुलीकडे बघता. मग मागचा पट अंगाखाली चुरगळू नये म्हणून कुल्ला उचलता. एवढं सगळं करून जे उरतं, ते पडता. ज्याची शाळा गेली तो माणूस कोटाची इस्त्री सांभाळेल का?"

"मग काय शिवण फाडून घेऊ?" मास्तर भडकले. "तीस वर्षांत, ऐक, तीस वर्षांत माझी एक शिवण उसवलेली नाही! पडण्यात नाही, उठण्यात नाही. गिऱ्हाइकाच्या अंगावर सुद्धा नाही. नाव आहे माझं त्यात."

"मी कुठं काय म्हटलं," असं म्हणून मास्तरीणबाईंनी विषय सोडून दिला. त्या विषय इतक्या सहज सोडत नसत, पण मास्तर स्वतःच्या दुःखात होते. त्यांना संशय यायला हवा होता तो आला नाही.

शनिवारी सभागृह गच्च भरलं. चष्मेवाला सहकुटुंब आला होता. सगळ्यांना नाटकाचं काय व्हायचं ते होवो, मास्तर कधी पडतात तेवढं बघायचं होतं. विंगेत मास्तर त्याच वाळूच्या पोत्यावर बसले होते, कारण दुसरी जागाच नव्हती. मास्तरीणबाईंनी इस्त्री केलेला पडायचा कोट आणून त्यांच्या अंगात चढवला.

"आज गादी जड लागतेय कमरेशी," मास्तर म्हणाले.

"थोडा कापूस वाढवलाय."

"कशाला?"

"वय वाढलंय म्हणून. जा आता."

कॅशियर कपाटाआड आला, त्यानं पत्र मास्तरांच्या मुठीत दिलं, दोघांनी नेहमीसारखी एकमेकांना वाट दिली आणि मास्तर पाठमोरे बाहेर पडले. फुलीकडे त्यांनी सवयीनं पाहिलं. फुली जागच्या जागी होती. खिडकीशी जाऊन त्यांनी दोन्ही हात वर केले आणि गज धरले.

टर्रर्र.

आवाज मोठा नव्हता. शेवटच्या रांगेत तर ऐकूही गेला नसेल. पण मास्तरांनी तो आवाज कापड फाडताना आयुष्यभर ऐकला होता, आणि आपल्या पाठीवर कधीच नाही. मानेखालून सुरू होऊन तो कमरेपर्यंत गेला. पाठीची मधली शिवण. कोटातली सगळ्यात भक्कम, दुहेरी मारलेली शिवण. गार वारा लागला तेव्हा त्यांना कळलं, की चारशे माणसं आपल्या कोटाचं अस्तर बघतायत. चष्मेवाला, डॉक्टर, गिऱ्हाइकं, ज्यांच्या अंगावर या क्षणी आपलेच शिवलेले कपडे आहेत ती सगळी माणसं.

मास्तरांनी गज सोडले नाहीत. क्षणभर ते तसेच धरून उभे राहिले, काही झालंच नाही असं दाखवत. खांदे सरळ केले, त्यानं शिवण आणखी उघडली. मग त्यांच्या गुडघ्यांनी कुणाला न विचारता रजा घेतली. हात गजांवरून घसरत खाली आले. मास्तर त्यांच्या मागोमाग खाली गेले. खांदा वळवायचा राहिला, फुली कुठल्या कुठे राहिली. धाड झालं नाही, चौकट हादरली नाही. खुंटीवरून कपडा यावा तसे ते आले आणि एका हाताच्या मुठीत पत्र तसंच धरून फळ्यांवर पसरले.

सभागृह चिडीचूप. एकही टाळी नाही.

संपलं, मास्तरांना वाटलं. तीस वर्षांत पहिल्यांदा टाळी नाही. पोत्यालाही यापेक्षा जास्त मिळाली असती.

पडदा पडला. त्यानंतर बराच वेळ काहीच ऐकू येईना, आणि मग एकदम सगळं सभागृह वाजायला लागलं, पण मास्तर तेव्हा पडद्याआड जमिनीवरच बसून पाठीकडे हात न्यायची खटपट करत होते. बाई धावत आल्या. चष्मा हातात, डोळे ओले.

"मास्तरकाका! हेच! हेच हवं होतं! कसं केलंत?"

"शिवण उसवली," मास्तर म्हणाले.

"काय कोसळलात हो! माझ्या अंगावर काटा आला."

"पाठीची शिवण. मधली. उसवली माझी."

बाईंना त्यातलं काही ऐकू आलं नाही. त्यांनी दोन माणसांना हाक मारून पोतं बाहेर नेऊन टाकायला सांगितलं आणि कॅशियरला बोलावायला गेल्या. कॅशियर तिकडे पडद्याबाहेर नम्रपणे वाकून मास्तरांच्या टाळ्या घेत होता. मणका त्या वेळी अजिबात दुखत नव्हता.

पोतं न्यायला माणसं आली तेव्हा मास्तर त्याच्यावर जाऊन बसले होते, म्हणून ती परत गेली. मास्तरांनी कोट काढून उलटा केला आणि दिव्याखाली धरला. कमरेच्या गाद्या दुप्पट जाड होत्या. मधली दुहेरी शिवण कुणीतरी ब्लेडनं स्वच्छ, एकही धागा न ओढता उसवली होती आणि तिच्या जागी लांब लांब कच्चा टाका घातला होता. हातानं घातलेला. टाका उलट्या बाजूला कललेला होता.

मास्तरीणबाई समोर उभ्या होत्या. पदार्थ बिघडला की नाही ते चव घेणाऱ्याच्या तोंडावरून ओळखायचं असतं, तशा बघत होत्या.

"चारशे लोक होते," मास्तर म्हणाले.

"मोजले मी. थोडे जास्तच होते."

"माझी लाज काढलीस."

"काढली. आणि कापूस घातला."

मास्तरांनी कोट गुडघ्यांवर पसरला. कच्च्या टाक्याचा एक तुकडा बोटानं ओढला, तो सहज निघून हातात आला. बराच वेळ ते तो धागा बोटाला गुंडाळत बसले. त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलायला लागला होता आणि तो ते जागेवर ठेवायचा प्रयत्न करत होते. बाहेर कुणीतरी चष्मेवाल्याला विचारत होतं, "खरंच बरं वाटत नाही का हो त्यांना?" आणि चष्मेवाला ऐटीत सांगत होता, "छे! शेजार आहे माझा. रोज करतात ते."

"उद्या दुसरा प्रयोग आहे," मास्तर शेवटी म्हणाले.

"ठाऊक आहे. आणा तो कोट इकडे. मधली शिवण पक्की करून देते."

"मधली पक्की करच." त्यांनी कोट बायकोच्या हातात दिला, पण लगेच सोडला नाही. "आणि दुसरी कुठली कच्ची ठेवणार असशील, तर ती कुठली ते मला सांगू नकोस."